आईला काय काय येतं

बाबा,

आईला लकवा झाला. कामाच्या ठिकाणी मी हा शब्द वापरत नाही, पण तुमच्या वेळी घरात आपण हाच वापरायचो, म्हणून तुम्हाला लिहिताना हाच. उजवी बाजू गेली, तुमच्यासारखीच. वाचा राहिली, तीही तुमच्यासारखीच. सकाळी दूध आणायला बूथवर गेली होती, येताना जिन्यात टेकली आणि तिला उठता येईना. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या सूनबाईंनी पाहिलं, चौकशा करत न बसता गाडी काढली आणि थेट मोठ्या दवाखान्यात नेलं, म्हणून औषध वेळेत मिळालं. जीव वाचला, चालणं बरंचसं परत आलं, उजवा हात मात्र अजून आळशी आहे. सध्या ती गुरुग्रामला तुमच्या मुलाकडे असते. उंच इमारत आहे, लिफ्टला कार्ड लागतं आणि खिडकी उघडायची तर आधी सुनेला विचारावं लागतं.

हे तुम्हाला कळवायची मला ओढ होती असं समजू नका. मला राग आला की मी कुणाशी तरी भांडते, हे तुम्हाला ठाऊक आहे. सध्या भांडावं असं तुमच्याखेरीज कुणी उरलेलं नाही, एवढंच कारण आहे. तुम्ही गेलात तेव्हा लोक मला म्हणाले होते की आता राग सोड, माणूस गेला. मी सोडला नाही. गेलेल्या माणसावरचा राग सोडून द्यायचा ही पद्धत कुणी काढली मला माहीत नाही, पण ती गेलेल्यांच्या फार सोयीची आहे.

माझं काम तुम्हाला कधी नीट समजलं होतं का, याची मला शंका आहे. तुम्ही लोकांना सांगायचात, "मुलगी डॉक्टर आहे," आणि मी मागून म्हणायचे, "फिजिओथेरपिस्ट." मग तुम्ही म्हणायचात, "तेच ते." तेच ते नाही. डॉक्टर माणूस वाचवतात. वाचलेल्या माणसाचं काय काय शाबूत आहे ते मी बघते. खुर्चीतून उठता येतं का, दारापर्यंत जाऊन वळून येता येतं का, पेला ओठाला लागतो का, बटण लागतं का, जिना चढताना कोणता पाय पुढे पडतो. आणि या कामात सगळ्यात पहिली शिकायची गोष्ट अशी की तपासताना माणूस जे करून दाखवतो ते एक, आणि घरी रोज तो जे करतो ते दुसरं. दोन्ही वेगवेगळं लिहायचं असतं. नवीन पोरं दोन्हींची गल्लत करतात. मला नागपूरच्या कॉलेजात हे शिकवलं होतं, परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. पण समजलं ते तुमच्यामुळे.

कॉलेजात मला तुम्हीच पाठवलंत, ते मी विसरलेले नाही. आईच्या माहेरचे म्हणत होते, दिल्लीतली पोरगी परत नागपूरला एकटी होस्टेलात कशाला, लग्न करून टाका. तुम्ही त्यांना ऑफिसात फायलीवर शेरा मारावा तसं एका वाक्यात उडवून लावलंत. "माझी मुलगी शिकेल," एवढंच. चालण्याचा वेग मोजायला स्टॉपवॉच लागतं असं मी सुट्टीत घरी आल्यावर म्हटलं, तर तुम्ही रविवारी स्वतः चांदणी चौकात गेलात आणि दुकानं पालथी घालून ते आणलंत. वर म्हणालात, "घे डॉक्टरीणबाई. आता कुणाला सूट द्यायची नाही." मी ते गळ्यात घालून घरभर हिंडले होते. त्याच रात्री भाजीत मीठ जास्त झालं म्हणून तुम्ही ताट सरकवलंत. नुसतं सरकवलंत नाही, पार भिंतीपर्यंत गेलं ते. क्वार्टरच्या भिंती पातळ होत्या. शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला, ते लोक ऐकायला थांबले, आणि तुमचा आवाज चढत गेला. आई खाली बसून फरशी पुसत होती. मी म्हटलं, "बाबा, पुरे." तुम्ही म्हणालात, "तू मध्ये बोलायचं नाही. शिकवलं ते यासाठी नाही." मग कशासाठी, हे विचारायचं राहून गेलं. जयंतीच्या कार्यक्रमात समतेवर तुमचं भाषण दरवर्षी व्हायचं आणि ते चांगलं असायचं. मी पहिल्या रांगेत बसून ऐकलेलं आहे.

निवृत्त झालात, मयूर विहारचा फ्लॅट ताब्यात आला, आणि दुसऱ्याच हिवाळ्यात तुम्हाला झटका आला. मी तेव्हा सरकारी इस्पितळात नोकरीला लागून काही वर्षं झाली होती. माझ्या वरिष्ठांनी तुमची पहिली तपासणी केली आणि पुढच्या मी केल्या. तुम्ही मेहनती पेशंट होतात, हे कबूल करते. वॉर्डात इतर माणसं कण्हत असायची, तुम्ही दात आवळून पाय उचलायचात. आलेल्या-गेलेल्या साहेबांसमोर पडायचं नाही, हा तुमचा हट्ट होता. मी तुमच्यासाठी स्टॉपवॉच काढलं तेव्हा वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणालात, "वा! माझंच घड्याळ माझ्यावर?" सगळे हसले. मीही हसले. थोड्या महिन्यांत तुम्ही काठीशिवाय चालू लागलात, उजव्या हातात पकड आली, अंगठा प्रत्येक बोटाला लागू लागला. मी लिहिलं: जेवण, आंघोळ, कपडे, जिना, सगळं स्वतःचं स्वतः करू शकतात. सही केली. तुमच्या बाबतीत मी सूट दिली नव्हती. तेवढं खरोखरच तुम्हाला येत होतं.

आणि तुम्ही घरी आलात आणि आडवे झालात.

आई तुम्हाला घास भरवायची. आई तुमच्या सदऱ्याची बटणं लावायची, नाडी बांधायची, स्टुलावर बसवून पाठीवर पाणी घालायची, दाढी करायची. उठताना तुम्ही दोन्ही हात तिच्या खांद्यावर टाकायचात आणि तुमचं सगळं वजन तिच्या कमरेत जायचं. मी बघत होते, मणका कुठे वाकतोय ते मला कातडीवरून दिसत होतं. मी म्हणायचे, "आई, त्यांना करू दे. येतं त्यांना." ती म्हणायची, "चूप. सांडलं तर? साहेब होते ते." बुद्धविहारातली माणसं तुम्हाला भेटायला यायची तेव्हा मात्र तुम्ही टेकून बसायचात आणि उजवा हात वर करून खणखणीत जयभीम घालायचात. हात खांद्याच्या वर जायचा, कोपर सरळ व्हायचं. लोक म्हणायचे, सर, तब्येत छान सुधारली. ती माणसं जिना उतरली की त्याच हाताला शेजारचा पेला उचलता येत नव्हता. "अगं, पाणी." स्वयंपाकघरातून आई हात पुसत यायची.

संत्र्यांची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. त्या हिवाळ्यात मावशीनं नागपूरहून पेटी पाठवली होती. मी दुपारीच घरी आले, किल्लीनं दार उघडलं. आई खाली भाजीवाल्याकडे गेली होती. तुम्ही बाल्कनीत उन्हात बसला होतात, माझ्याकडे पाठ करून, आणि संत्रं सोलत होतात. मी दारात उभी राहिले. बाकी कुणाला ते संत्रं सोलणं दिसलं असतं. मला वेगळंच दिसत होतं: उजवा अंगठा देठाजवळ घुसतोय, साल एका पट्टीत निघतेय, डावा हात संत्रं फिरवतोय, दोन्ही हात एकमेकांना सांभाळून घेतायत. मग तुम्ही एकेका फोडीवरचे पांढरे दोरे काढलेत, चिमटीत धरून, सावकाश. बी काढून बशीच्या कडेला ठेवलीत. असं काम करणारा हात मी माझ्या वॉर्डात कुणाला दाखवला असता तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. मी म्हटलं, "बाबा." तुम्ही वळलात. फोड हातातच होती. मी म्हटलं, "हात चालतो तुमचा."

तुम्ही फोड बशीत ठेवलीत, हात मांडीवर ठेवलात आणि बोटं आत वळवून घेतलीत, जशी झटक्याच्या पहिल्या आठवड्यात होती तशी. म्हणालात, "तुझ्या कागदावर चालतो."

"आणि घरात?"

"घरात नाही चालत. तुझी आई आली की सांग, ऊन डोळ्यावर येतंय. खुर्ची फिरवायचीय."

संध्याकाळी आईनं तुमच्यासाठी संत्रं सोललं आणि फोड फोड तुमच्या तोंडात घातली. तुम्ही माझ्याकडे बघत खात होतात. मी ताट घेऊन आत निघून गेले. त्यानंतर तुम्ही कित्येक वर्षं जगलात आणि दुसऱ्या झटक्यात गेलात, आणि मधल्या सगळ्या काळात तुमचा तो हात पाहुण्यांचा होता. माझ्या विद्यार्थ्यांना मी तुमचं उदाहरण देते. एक पेशंट, म्हणते. निवृत्त, शिकलेला, सरकारी नोकरीतला. करू शकत होता आणि करत नव्हता. घरचे करून द्यायचे. अशा घरात जाऊन आधी घरच्यांचे हात बांधा, असं सांगते. मुलं लिहून घेतात.

तुमच्यानंतर आई मयूर विहारला एकटी राहिली. मी नोएडात असते, माझ्याकडे ये म्हटलं तर म्हणाली, "तुझ्या घरी मला शाळेत बसल्यासारखं होतं." तिला ते घर हवं होतं. मला त्यात फार समाधान होतं. ती विहारात जायची, बायकांबरोबर पानिपतला काला अंबचं स्मारक बघायला जाऊन आली, मेट्रोचं कार्ड तिनं स्वतः काढलं. उशिरा उठायची. एकटीसाठी भात टाकायची आणि पिठलं. मी मनात म्हणायचे, आता कुठे हिचं सुरू झालंय. म्हणून जेव्हा ती पडली तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली ती तिच्या जीवाची नाही. मला वाटलं, आता हे घर सुटणार तिचं.

गुरुग्रामच्या घरी तिला तपासायला एक मुलगी येते. चांगली आहे, हुशार आहे. मी मुद्दाम त्या वेळेला जाऊन बसले. ती मोबाइलवर फॉर्म उघडून तुमच्या सुनेला विचारत होती, "आंटी खाना खुद खाती हैं?" सून म्हणाली, "नहीं नहीं, हम खिलाते हैं." "कपड़े?" "अटेंडंट है ना, वही पहनाती है." "नहाना?" "वही." मुलगी टिचक्या मारत गेली आणि शेवटी जो आकडा आला त्याचा अर्थ होता, ही बाई पूर्णपणे दुसऱ्यावर अवलंबून आहे. आई सोफ्यावर बसून हे सगळं ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मी त्या मुलीला म्हटलं, "पेशंट तिकडे बसलाय. घरच्यांना काय विचारतेस? आणि पेशंटलाही विचारू नकोस. बघ. पेला समोर ठेव आणि हात मागे बांधून बघ." ती घाबरली. तुमचा मुलगा म्हणाला, "ताई, यार, तिच्यावर नको ओरडूस." मी ओरडत नव्हते. मी तुमच्यासारखी ओरडत नाही, मी सांगते.

मग तो मला बाल्कनीत घेऊन गेला. त्याचं म्हणणं सरळ होतं. आईला इथंच ठेवायचं असेल तर मयूर विहारचं घर बंद पडून राहणार, त्याचं काहीतरी ठरवायला हवं. तिला परत पाठवायचं असेल तर ती एकटी राहू शकते असं कुणीतरी खात्रीनं सांगायला हवं, आणि मग इथली अटेंडंटही ठेवायची गरज नाही. "तू बघ एकदा, ताई. तू म्हणशील ते. बाकी मला कुणाचं काही कळत नाही." मला आनंद झाला, बाबा. मी ठरवूनच टाकलं होतं. मला फक्त तिला तिच्या घरात, तिच्या ओट्यापाशी उभं राहिलेलं बघायचं होतं, कारण परक्या घरात कुणाचीच तपासणी खरी होत नाही.

शनिवारी मी तिला कॅबनं मयूर विहारला नेलं. आईला सांगितलं होतं की पंखे पुसायचेत, घर उघडून येऊ. जिन्यापाशी मी तिच्या मागे राहिले, हात न लावता. कुणी न शिकवता ती चढताना चांगला पाय आधी टाकत होती आणि अधू त्याच्याशी जुळवत होती. मधल्या वळणावर थांबली, खालच्या सूनबाईंच्या दाराकडे बघून म्हणाली, "हिला एक साडी घ्यायची आहे, विसरू नको." वर कुलूप डाव्या हातानं उघडलं. आत गेल्यावर चपला हातातल्या काठीनं भिंतीला सारल्या. मग मला न विचारता तिनं चहा टाकला. डबा पोटाशी धरून डाव्या हातानं झाकण फिरवलं. लायटर डाव्या हातात. आलं किसता येईना तर वरवंट्याखाली ठेवून ठेचलं. चहा झाल्यावर मी श्वास रोखून बघत होते, कारण गरम पातेलं उचलणं हा खरा प्रश्न होता. तिनं ते उचललंच नाही. गाळणी कपावर ठेवली आणि पळीनं चहा ओतला, एकेक पळी. आळशी उजवा हात तिनं कपाच्या तळाशी टेकवून ठेवला होता, कप सरकू नये म्हणून. कप धुतले, गॅस बंद केला, बंद झालाय का ते वाकून पाहिलं. बाथरूमला जाऊन आली. पलंगावर बसली, उठली, खाली पडलेला टॉवेल उचलला. पस्तीस वर्षं हे काम करतेय, इतकी स्वच्छ तपासणी मी फार कमी वेळा पाहिली आहे.

मी म्हटलं, "आई, तू इथं राहू शकतेस. मी त्याला सांगते. पुढच्या आठवड्यात तुझं सामान आणू."

ती तुमच्या त्या वेताच्या खुर्चीत बसली होती. म्हणाली, "मला इथं राहायचंय हे कोण म्हणालं?"

मला वाटलं ती भावाला घाबरतेय. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, "काहून घाबरू? तो काय करतो मला? पोरगा गरीब आहे. मला तिथं बरं वाटतंय. ती बाई सकाळी चहा हातात आणून देते. पायात मोजे चढवते. खाली वाकून, एकेक बोट नीट करून. माझ्या पायात कुणी मोजे चढवले होते का कधी?"

"पण तुला येतात चढवता. आत्ताच मी सगळं पाहिलं. तुला सगळं येतं."

"येतं म्हणून करत राहू?" ती म्हणाली. "बाई, मला येत होतं म्हणूनच तर सगळं माझ्याकडे आलं. आता कुठे येईनासं झालं, तर तू आलीस परीक्षा घ्यायला."

मी चिडले. मी म्हटलं, "बाबांनी हेच केलं. अगदी हेच. येत असून करून घेतलं. तुझी कंबर त्यात गेली."

"मग?" ती हसली. "तुझे बाबा शहाणेच होते. उगाच साहेब झाले?"

मला ते हसणं सहन होईना. मी तिला संत्र्याचं सांगितलं. इतकी वर्षं सांगितलं नव्हतं, तिला वाईट वाटेल म्हणून. बाल्कनीकडे बोट दाखवून सांगितलं की तिथं बसून ते दोन्ही हातांनी संत्रं सोलत होते, दोरे काढत होते, आणि तू आल्यावर हात आखडून बसले. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "एकदा सोललं का त्यांनी? रोज सोलायचे. सालं कोण टाकत होतं, तू? बशीत बिया कोण वेचत होतं?"

"तुला माहीत होतं?"

"संत्र्यांची बशी मीच भरून ठेवायची खाली जाताना."

मी विचारलं, मग का. मला वाटतं मी जरा मोठ्यानं विचारलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आजारी पडल्यापासून त्यांनी एकदा तरी आवाज चढवला का, आठव. घास भरवणाऱ्या बाईवर कुणी ओरडतं का? मीठ कमी असलं तरी गप गिळायचे. हात चालायला लागला असता तर सगळंच चालायला लागलं असतं. मी म्हटलं, असू दे. कंबर गेली तर गेली, घर शांत आहे."

बाबा, मी हे तुम्हाला एवढ्यासाठी लिहितेय की तुम्हाला माहीत नसेल. किंवा माहीत असेल; तुम्हा दोघांत काय ठरलेलं होतं आणि काय नव्हतं हे आता मला कळायचा मार्ग नाही. मी एका आळशी नवऱ्याची आणि एका राबणाऱ्या बायकोची केस इतकी वर्षं शिकवत आले, आणि त्यात मुख्य गोष्टच नव्हती. तुम्हाला वाटत असेल की आता हिचा राग निवळला. नाही निवळला. उलट वाढला. घरातल्या बाईला शांतता मिळावी म्हणून तुम्हाला लुळं ठेवावं लागलं, याची लाज दोघांपैकी कुणाला वाटायला हवी होती ते तुम्हीच ठरवा. तिला नाही वाटली. तिनं सोय पाहिली. आणि सोय पाहण्याची वेळ तिच्यावर आणणारे तुम्ही, भाषण देणारे.

ती पुढे म्हणाली, "तू त्याला सांगितलंस की आईला सगळं येतं, तर तो त्या बाईला उद्या काढून टाकेल. मग मी इथं एकटी चहा करत बसेन, आणि तू फोनवर विचारशील, आई, आज जिना चढलीस का?"

"मी खोटं लिहीत नाही, आई."

"तुझ्या बाबांचं खरं लिहिलंस. कुणी वाचलं?"

मी तिला म्हटलं की न वापरलेला हात आखडतो, पायातली ताकद जाते, वर्षभरात खरंच काही येणार नाही. हे मी रोज लोकांना सांगते. ती म्हणाली, "ठीक आहे. चहा मी करेन. गुरुग्रामला, माझा माझा. जिना नाही तिथं, तर त्या बाईबरोबर खाली चालेन. पण मोजे तीच चढवेल." अशी घासाघीस करत होती ती. शेवटी मीच हरले. संध्याकाळी भावाला सांगितलं, "आंघोळ, कपडे, बाहेर पडणं, मदत लागते. बाईला ठेव, सोडू नकोस. मयूर विहारच्या घराला हात लावायचा नाही, मी महिन्यातून एकदा तिला नेत जाईन." तो म्हणाला, "बिल्कुल. तू म्हणालीस ना, झालं." त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या शब्दावर शंका घ्यायची कुणाला सवयच नाही, इतकी मी कडक आहे.

हे सगळं तुम्हाला पोचवायचं कुठे हा प्रश्नच नाही. आईला वाचून दाखवणार नाही. घड्या घालून कपाटात ठेवण्याइतकंही मला हे आवडलेलं नाही, सकाळी फाडून टाकीन. फक्त एक गोष्ट राहिली, ती लिहिते.

मयूर विहारहून निघताना आईनं आरशापुढे बसून फणी माझ्याकडे दिली. "वेणी घाल. कॅबमध्ये अशी कशी बसू?" डाव्या हातानं तिला केस विंचरता येतात, मी पाहिलं होतं, साधा अंबाडाही तिला बांधता आला असता. मी फणी घेतली. तिच्या मागे उभी राहिले. केस फार कमी झालेत तिचे, आणि मऊ आहेत. इतकी वर्षं मी या बाईचे खांदे तपासले, मणका तपासला, गुडघे तपासले, पण केसांना कधी हात लावला नव्हता. ती डोळे मिटून बसली होती आणि मान माझ्या हातात सैल सोडली होती. खाली कॅबवाला हॉर्न वाजवत होता.

पहिली वेणी सरळ आली होती, बाबा. मी तिला म्हटलं, वाकडी झाली, थांब. सोडली आणि पुन्हा घातली.